वाकणारं पोस्टकार्ड सपाट झालं

जलरंगात पोस्टकार्ड रंगवलं की वाळताना ते हमखास वाकायचं. ओला कागद फुगतो, वाळताना आकसतो. एकच बाजू भिजली तर दुसरं काय होणार! रंग पूर्ण वाळल्यावर कार्ड पालथं घालून मागची बाजू ओलसर स्पंजने अगदी हलकी पुसली, दोन कोऱ्या कागदांमध्ये ठेवलं आणि रात्रभर जाड पुस्तकांखाली दाबलं. सकाळी एकदम सपाट. कागद मात्र ३०० जीएसएमचाच (जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन) घ्या, पातळ कागद जास्तच वाकतो.

मजकूर दाबून झाल्यावरच लिहायचा, तोही वॉटरप्रूफ पिगमेंट शाईने. मग थेंब पडला तरी अक्षर फुटत नाही. सध्या मैत्रिणीसाठी तिचंच मांजर रंगवतेय. मिशा सर्वात शेवटी, पांढऱ्या जेल पेनने.