‘सांगली’ मावत नाही तेव्हा

मार्केट यार्डातल्या एका हळदीच्या पेढीवर गाव मराठीत टाकलं की बिल सेव्हच होईना. ओरॅकल या डेटाबेसचा एरर होता ओआरए-12899, म्हणजे मजकूर कॉलममध्ये मावत नाही. तो आधी नीट वाचा. कॉलमचं नाव, भरलेली लांबी आणि मर्यादा तोच सांगतो. इथं आकडे होते 18 आणि 15. ‘सांगली’ दिसायला तीन अक्षरं, पण काना, अनुस्वार, वेलांटी धरून सहा खुणा. यूटीएफ-8 या मजकूर साठवायच्या पद्धतीत अशा प्रत्येकीला 3 बाइट. कॉलम बाइट मोजत होता! बाइट मोजणारं लेंग्थबी फंक्शन लावून खात्री करा, मग आधी टेस्ट सर्व्हरवर कॉलमचं माप बाइटऐवजी ‘कॅर’, म्हणजे खुणा मोजणारं, करून वाढवा. मजकूर कापून बसवू नका. मी एकदा कापला, बिलावर गाव ‘सांगल’ छापून आलं. आणि हो, डेटा आधी जिथं उतरतो ते इंपोर्टचं मधलं टेबल बदलायचं राहिलं, तर एक्सेल चढवताना तोच एरर परत दारात.