ट्रॅकसाठी ब्रेक ऑइल आणि डिस्क: आधी कशावर खर्च करावा

गाडीची सर्व्हिसिंग झाली आहे, टायर धड आहेत आणि चाक खोलता येतं, एवढं गृहीत धरतो. आपल्या इंदूरजवळ पीथमपूरला नॅट्रॅक्स या वाहन-चाचणी केंद्राचा 11.3 किलोमीटरचा अंडाकृती ट्रॅक आहे, म्हणून बरेच जण ब्रेकची गोष्ट त्यावरून तोलतात. पण तिथे वेग टिकवायचा असतो. ब्रेकची खरी झडती होते ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटसारख्या रेसिंग ट्रॅकवर, जिथे लांब सरळ पट्टा संपला की जोरात ब्रेक मारावाच लागतो, तोही दर फेरीत.

हजार किलोची हॅचबॅक 140 च्या वेगावरून 60 वर आणली की साधारण 600 किलोज्यूल उष्णता तयार होते. तिचा सत्तर टक्के भार पुढच्या दोन डिस्कवर (चाकासोबत फिरणाऱ्या तबकड्यांवर) आणि एक डिस्क पाच किलोची धरली, तर एकदा ब्रेक मारला की डिस्क 90 अंशांच्या आसपास तापते. ती गार होण्याआधीच पुढचं वळण येतं.

पहिली पायरी: दुखणं ओळखा

पेडल टणक आहे, पाय जोर लावतोय, पण गाडी थांबत नाही? पॅड, म्हणजे डिस्कवर दाबले जाणारे तुकडे, तापून निकामी झालेत. पेडल मऊ पडून खाली जातंय आणि दोन-तीनदा मारल्यावरच वर येतंय? ऑइल उकळलंय. पहिल्याला पॅड बदला, दुसऱ्याला ऑइल. दोन्हीला 'मोठी डिस्क बसवून टाका' असं सांगणारा कुणीतरी भेटतोच. त्याला पोहे खाऊ घाला आणि वाटेला लावा.

दुसरी पायरी: ऑइल

इथे मी स्वतः खूप काळ अडलो होतो, म्हणून सविस्तर लिहितो. बाटलीवर मोठ्या अक्षरात छापलेला आकडा हा कोऱ्या, सीलबंद ऑइलचा उत्कलनबिंदू, म्हणजे 'कोरडा' आकडा असतो. साधं ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं, रबरी होजमधूनसुद्धा. त्यात सुमारे 3.7 टक्के पाणी गेल्यावर ते किती अंशांना उकळतं, तो 'ओला' आकडा, आणि तो बारीक अक्षरात मागच्या बाजूला असतो. ब्रेक ऑइलची प्रत 'डॉट' आकड्याने सांगतात. डॉट 4 साठी किमान मर्यादा कोरडी 230 आणि ओली 155 अंश, डॉट 5.1 साठी 260 आणि 180. म्हणजे गेल्या पावसाळ्याआधी भरलेलं डॉट 4 घेऊन ट्रॅकवर जाणारा माणूस 230 वर नाही, हळूहळू 155 कडे सरकणाऱ्या ऑइलवर विसंबलेला असतो.

म्हणून आधी स्वतःला विचारा: ऑइल दर वेळी बदलणार की वर्षभर ठेवणार? दर ट्रॅक डेच्या आधी बदलणार असाल, तर मोतुलचं आरबीएफ 600 सारखं रेसिंग ऑइल पुरतं. त्याचा कोरडा आकडा 300 च्या वर आहे. बदलायचा कंटाळा असेल, तर ओला आकडा पाहा. कॅस्ट्रॉल एसआरएफचा 270 च्या आसपास आहे, किंमतही तशीच. नुसता कोरडा आकडा पाहून महागडी बाटली घेऊन ती दोन वर्षं गाडीत ठेवणं म्हणजे पैसे पाण्यात, अक्षरशः.

डॉट 5 घेऊ नका. ते सिलिकॉनचं असतं, नेहमीच्या ऑइलमध्ये मिसळत नाही, त्यात हवेचे बुडबुडे सहज अडकतात आणि एबीएसला (चाक लॉक होऊ न देणाऱ्या यंत्रणेला) चालत नाही. 5 आणि 5.1 ही वेगळी जात आहे. दुकानदार घाईत '5 दिलं काय, 5.1 दिलं काय' म्हणाला, तर बाटली परत ठेवा. उघडलेली बाटलीही पुढच्या वेळेसाठी जपू नका.

ऑइल भरून चारी चाकांच्या ब्रेकमधली हवा काढा, क्रम गाडीच्या मॅन्युअलप्रमाणे. रंगावर थेंब पडला तर लगेच पाण्याने धुवा.

तिसरी पायरी: डिस्क

साधी, सपाट, हवा खेळणारी, कंपनीच्या मापाची डिस्क घ्या. भोकं पाडलेली नको. उष्णतेच्या ताणाने भोकाच्या कडेलाच तडे जातात. खाचांची चालेल, पण पॅड लवकर झिजतात. मोठी डिस्क घेण्याआधी ती आणि कॅलिपर (पॅड दाबणारा भाग) आपल्या चाकात मावतात का, ते मोजा. किमान जाडी डिस्कवरच कोरलेली असते. त्याच्या जवळ आलेली डिस्क ट्रॅकवर नेऊ नका, धातू कमी म्हणजे उष्णता साठवायला जागा कमी.

बसवण्याआधी हबवरचा (डिस्क ज्यावर बसते त्या भागावरचा) गंज तारेच्या ब्रशने घासून काढा, नट समोरासमोरच्या क्रमाने टॉर्क रेंचने (ठरलेल्या जोराने आवळणाऱ्या पान्याने) आवळा. नाहीतर डिस्क डगमगते आणि दोष पॅडला लागतो.

चौथी पायरी: पॅड बसवून घेणं

म्हणजे नवा पॅड डिस्कवर घासून दोघांचं जमवून घेणं. भेरूघाटासारख्या रहदारीच्या घाटरस्त्यावर हे करू नका, ट्रकवाले मागे असतात. ट्रॅकच्या पहिल्या सत्रातच वेग हळूहळू वाढवत ब्रेक मारा, पूर्ण थांबू नका, मग एक फेरी ब्रेकला हात न लावता गार होऊ द्या.

पिटमध्ये आलात की पाय ब्रेकवरून काढा आणि हँडब्रेक ओढू नका. चाकामागे ठोकळा लावा. तापलेल्या डिस्कवर पॅड दाबून धरला तर त्याचा थर तिथेच चिकटतो, आणि पुढच्या सत्रात स्टिअरिंग थरथरतं. लोक त्यालाच 'डिस्क वाकली' म्हणतात. उभ्या गाडीत कॅलिपरचं तापमान आणखी चढतं, म्हणून पुन्हा बाहेर पडताना पहिल्या वळणाआधीच पेडल दाबून पाहा. डिस्कवर केसासारखे बारीक तडे दिसले तर लक्ष ठेवा. तडा कडेपर्यंत पोचला की डिस्क भंगारात.