वारंवार तुटणारे ब्रॉडबँड : माझा अनुभव

घरचे ब्रॉडबँड वारंवार तुटू लागले, तेव्हा दोष वायफायचा की बाहेरून येणाऱ्या लाइनचा हे आधी ठरवणे मला आवश्यक वाटले, कारण त्याशिवाय राउटर बदलणे म्हणजे निव्वळ खर्च. लॅपटॉप लॅन केबलने जोडून राउटरला आणि ८.८.८.८ या बाहेरच्या (गूगलच्या) पत्त्याला एकाच वेळी पिंग, म्हणजे उत्तर येते का हे तपासणारे छोटे संदेश, लावून ठेवले. संपर्क तुटला तेव्हा राउटर उत्तर देत होता, बाहेरचा पत्ता मात्र देत नव्हता, आणि मोडेमवरचा एलओएस (लॉस ऑफ सिग्नल) दिवा लाल झाला होता, म्हणजे फायबरमधून, अर्थात बाहेरून येणाऱ्या काचेच्या तंतूच्या लाइनमधून, पुरेसा प्रकाशच पोहोचत नव्हता. कपाटामागे पाहिले, तर फायबरची पिवळी वायर भिंतीशी काटकोनात दाबली गेली होती. आतली काच शाबूत असली तरी अशा तीव्र वळणातून प्रकाश बाहेर निसटतो. कपाट पुढे ओढून वायरला मोठे, सैल वळण दिले आणि तो लाल दिवा विझला तो विझलाच.