फोनवर पायथन, चादरीच्या नक्षीतून

सोलापुरात साखर पेठेजवळ मी संध्याकाळी आठवी-नववीच्या मुलांना पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकवते. संगणक नाही, आईवडिलांचे फोन आहेत. तुम्हालाही असंच शिकवायचं असेल, तर पायड्रॉइड ३ हे ॲप घ्या. एकदा बसवलं की ते इंटरनेटशिवाय चालतं.

पहिल्या तासाआधी कीबोर्डच्या सेटिंगमध्ये जाऊन आपोआप मोठं अक्षर होणं आणि शब्द दुरुस्त होणं बंद करा. नाहीतर ‘प्रिंट’चा पी मोठा होतो, पायथनला ते नाव ओळखता येत नाही, नेमएरर येतो आणि पोराला वाटतं, आपल्यालाच जमत नाही. याचं मला फार वाईट वाटतं.

तिघांत एक फोन पुरतो. एक टाइप करतो, दुसरा वाचून सांगतो, तिसरा वहीत पुढची ओळ लिहितो. दर दहा मिनिटांनी फोन फिरवा.

फॉर लूप, म्हणजे तेच काम पुन्हा पुन्हा करून घेणारी सूचना, मी चादरीवरून शिकवते. मागाचा खडखडाट ऐकत वाढलेली ही पोरं. एकच नक्षी पुन्हा पुन्हा कशी येते, हे त्यांना सांगावं लागत नाही. चौकटीच्या कागदावर ताऱ्यांचा त्रिकोण काढा, प्रत्येक ओळीतले तारे मोजा: १, २, ३. हीच संख्या लूपमधला चल, म्हणजे दर फेरीला बदलणारी किंमत. रेंजमध्ये, म्हणजे कुठून कुठवर मोजायचं ते सांगताना, १ आणि ६ लिहिलं तर पाचच ओळी येतात. सहावी कुठे गेली, हे मुलांनाच शोधू द्या. लूपच्या आतली ओळ चार स्पेस आत हवी. बोटाने मोजायला लावा.

एरर आला की आधी ओळ क्रमांक मोठ्याने वाचायचा. परवा एक मुलगी आपणहून म्हणाली, “बाई, तिसऱ्या ओळीत कंस राहिलाय.”