लाईव्ह ट्रॅक काढून अल्बम नव्याने लावताय? या चुका टाळा

अर्धा लाईव्ह आणि अर्धा स्टुडिओ असे रॉक अल्बम बरेच आहेत आणि त्यातली लाईव्ह गाणी काढून फक्त स्टुडिओचा अल्बम बनवायची हौस पण बऱ्याच जणांना असते. मला स्वतःला हे काम खूप आवडतं, म्हणूनच लोक त्याच त्याच चुका करताना बघून वैताग येतो. ज्याच्यावर हा प्रयोग बऱ्याचदा होतो तो म्हणजे यू-टू या आयरिश बँडचा 1988 चा रॅटल अँड हम, त्यामुळे उदाहरण त्याचंच घेतो.

पहिली आणि सगळ्यात मोठी चूक: नुसतं काढायचं आणि उरलेलं आहे त्याच क्रमाने ऐकायचं

एका मित्राने हा अल्बम असाच "साफ" केला. सतरा ट्रॅक्स होते, लाईव्ह गाणी आणि मधले दोन छोटे तुकडे उडवले, नऊ उरले. दोन दिवसांनी मला म्हणाला की अरे यांची स्टुडिओची गाणी बोअर आहेत, लाईव्हच बरी होती. मी त्याची लिस्ट मागवून घेतली. पहिलं गाणं कोणतं, तर व्हॅन डीमेन्स लँड. हे बँडचा गिटारिस्ट एज याने गायलेलं शांत, लोकगीतासारखं गाणं आहे, आणि मूळ अल्बममध्ये ते हेल्टर स्केल्टरच्या लाईव्ह दणक्यानंतर येतं म्हणून तिथे बसतं. तो दणका काढला की अल्बम सुरूच होत नाही, तीन मिनिटं तुम्ही कशाची तरी वाट बघत बसता. पुढे मधोमध एंजल ऑफ हार्लेम, लव्ह रेस्क्यू मी आणि व्हेन लव्ह कम्स टू टाऊन ही तिन्ही लागोपाठ आली. तिन्ही मेम्फिसच्या सन स्टुडिओत रेकॉर्ड केलेली, पहिल्या दोन्हींत मेम्फिस हॉर्न्स हे ट्रम्पेट-सॅक्सोफोनवाले आणि तिसऱ्यात ब्लूजवाला बी. बी. किंग, म्हणजे जवळजवळ साडेचौदा मिनिटं एकच रंग. मूळ अल्बममध्येही ती सलगच आहेत, पण तिथे त्यांच्या आधी स्टेडियमचा मोठा आवाज असतो आणि त्यानंतर हा रंग हवाहवासा वाटतो, तो आवाज तुम्ही काढलात तर या तिघांना वेगळं करायची जबाबदारी तुमची.

लाईव्ह ट्रॅक्स भरती म्हणून टाकलेले असतात असं समजू नका. सगळा क्रम त्यांना धरून लावलेला असतो, त्यामुळे ते काढले की क्रम पहिल्यापासून लावावा लागतो.

माझी सवय अशी की मी एल.पी.च्या (मोठ्या विनाइल रेकॉर्डच्या) दोन बाजू धरून विचार करतो, प्रत्येकी साधारण वीस-बावीस मिनिटं. ही नऊ गाणी मिळून बेचाळीस मिनिटांच्या आत बसतात, म्हणजे एका एल.पी.चा अगदी नेमका ऐवज आहे. माझी पहिली बाजू: डिझायर, एंजल ऑफ हार्लेम, हॉकमून 269, व्हॅन डीमेन्स लँड, हार्टलँड. दुसरी बाजू: गॉड पार्ट टू, लव्ह रेस्क्यू मी, व्हेन लव्ह कम्स टू टाऊन आणि शेवटी ऑल आय वाँट इज यू. डिझायर तीन मिनिटांच्या आतलं, बो डिडली बीटवर (जुन्या रॉक अँड रोलच्या ठेक्यावर) धावणारं, दार उघडायला याच्याइतकं चांगलं दुसरं नाही. लव्ह रेस्क्यू मी आणि ऑल आय वाँट इज यू दोन्ही सहा मिनिटांच्या वरची आणि संथ आहेत म्हणून त्यांच्यामध्ये बी. बी. किंग ठेवलाय. शेवटचं गाणं मात्र हलवू नका, मूळ अल्बमवाल्यांनी ते बरोबर जागी ठेवलंय. मित्राला हीच लिस्ट दिली, त्याने एका बैठकीत पूर्ण ऐकली आणि बोअरचा विषय परत काढला नाही.

क्रम लावून झाला की एकदा सलग ऐका, मध्ये स्किप न करता. दहा-दहा सेकंद ऐकून लिस्ट फायनल करणारे लोक मला समजतच नाहीत, बेचाळीस मिनिटं देता येत नसतील तर हा उद्योग करूच नये.

दुसरी चूक: मूळ फायलींना हात लावणं

ही बघितली की मला खरंच त्रास होतो. ओळखीतल्या एकाने लाईव्ह फायली फोल्डरमधून डिलीट केल्या, बाकीच्यांचे ट्रॅक नंबर एक ते नऊ केले आणि अल्बमचं नाव तेच ठेवलं. त्याचा बॅकअप मिरर पद्धतीचा होता, म्हणजे इथे जे डिलीट होईल ते तिथेही डिलीट. रात्री बॅकअप आपोआप चालला आणि दोन्हीकडून गाणी गेली, आणि ज्या सीडीवरून गाणी रिप केली होती, म्हणजे कॉम्प्युटरवर घेतली होती, ती त्याने कधीच देऊन टाकली होती. त्यात फोनवर जुनी कॉपी राहिली होती, ती सिंक झाल्यावर एकाच अल्बममध्ये तीन नंबरला दोन गाणी, काही डबल, काही गायब, असा सगळा गोंधळ. तो निस्तरायला आम्ही दोघं एक अख्खा रविवार बसलो आणि लाईव्ह बुलेट द ब्लू स्काय शेवटपर्यंत परत मिळालंच नाही.

प्लेलिस्ट बनवा. प्लेलिस्टची एम-थ्री-यू ही साधी टेक्स्ट फाईल असते, तिच्यात फक्त गाण्यांचे पत्ते असतात, मूळ गाण्याला काही होत नाही. वेगळी कॉपी हवीच असेल तर वेगळं फोल्डर करा आणि अल्बमच्या टॅगमध्ये नाव बदलून "रॅटल अँड हम स्टुडिओ" असं काहीतरी लिहा, मगच नंबर बदला. पाच मिनिटांचं काम आहे, घाई करून ती पाच मिनिटं वाचवण्यात काय मिळतं?

टाळ्या नाहीत म्हणजे स्टुडिओ, असं समजणं

किंग क्रिमसन या बँडच्या 1974 च्या स्टारलेस अँड बायबल ब्लॅकमधलं बरंचसं स्टेजवर रेकॉर्ड झालंय, फक्त प्रेक्षकांचा आवाज काढून टाकलाय. गायक नील यंगचा 1979 चा रस्ट नेव्हर स्लीप्स पण तसाच, स्टेजवरचं रेकॉर्डिंग घेऊन वर स्टुडिओत काम केलेलं. तिथे कडक नियम लावला तर नऊपैकी पोकाहॉन्टस आणि सेल अवे एवढंच उरतं, आणि दोन गाण्यांचा कसला अल्बम. त्यामुळे आधी ठरवा की तुम्हाला गर्दीचा आवाज नकोय की स्टेजवरचं रेकॉर्डिंगच नकोय. माझा नियम गर्दीचा आहे.

त्यालाही अपवाद आहे. नील यंगच्याच हार्वेस्ट अल्बममधलं द नीडल अँड द डॅमेज डन हे 1971 चं लाईव्ह रेकॉर्डिंग आहे, शेवटी टाळ्या येतात आणि त्या तोडून थेट पुढचं वर्ड्स सुरू होतं. दोन मिनिटांचं गाणं आहे आणि त्या अल्बमचा जीव त्यात आहे. ते काढणाऱ्यांशी मी वाद घालतो.

रिकाम्या जागा हिट गाण्यांनी भरणं

प्राईड लाईव्ह काढलं म्हणून 1984 च्या अल्बममधलं स्टुडिओ प्राईड आणून टाकायचं, हे करू नका, मग ते बेस्ट ऑफ होतं. भर घालायचीच असेल तर त्या काळातल्या बी-साईड्स, म्हणजे सिंगल रेकॉर्डच्या मागच्या बाजूची गाणी, शोधा. सिल्व्हर अँड गोल्ड अल्बमवर लाईव्ह आहे, पण बँडचं स्टुडिओ व्हर्जन 1987 च्या व्हेअर द स्ट्रीट्स हॅव नो नेम सिंगलच्या मागे होतं आणि 2007 च्या द जोशुआ ट्री री-इश्यूच्या बोनस डिस्कवर पण आहे. हालेलुया हिअर शी कम्स डिझायरच्या मागे होतं. ही खरी त्या घरातली गाणी.

फक्त बाहेरचं गाणं आणलं की आवाजाची पातळी बघा, नवं मास्टरिंग (आवाजावरचं शेवटचं काम) बहुतेक वेळा जास्त मोठं असतं. रिप्लेगेन (आवाजाची पातळी जुळवणारी सोय) प्रत्येक गाण्याचं त्याच्या मूळ अल्बमसोबतच स्कॅन करा, नवी लिस्ट एक अल्बम धरून नको, आणि अल्बम मोड ठेवा, ट्रॅक मोडमध्ये शांत गाणं पण दणक्याच्या गाण्याएवढं मोठं वाजतं.

बाकी छोट्या गोष्टी

क्रॉसफेड (एक गाणं संपता संपता दुसरं मिसळणं) बंद करा, नाहीतर क्रम नीट लागलाय का ते कळणारच नाही.

शफल चालू ठेवून "फ्लो जमत नाही" म्हणू नका.

गाण्याच्या टोकाला उरलेल्या टाळ्या कापायच्या असतील तर एम.पी.-थ्री परत एन्कोड करू नका, दर वेळी क्वालिटी खाली जाते. क्वालिटी न घालवणाऱ्या फ्लॅक फाईलवरून कापा.

आणि क्रीमचा व्हील्स ऑफ फायर किंवा पिंक फ्लॉइडचा उम्मागुम्मा घेऊन एकेक ट्रॅक तपासत बसू नका, त्यांच्यात एक डिस्क पूर्ण लाईव्ह आणि एक पूर्ण स्टुडिओ आहे. झीझी टॉपच्या फँडँगोमध्ये पहिली बाजू लाईव्ह, दुसरी स्टुडिओ. तिथे क्रम लावायचं कामच नाही, स्टुडिओची डिस्क किंवा बाजू लावा आणि ऐका.