पोरांना घेऊन गडावर निघालात? साताऱ्याकडे येताना या चुका टाळा

साताऱ्यात राहतो म्हटल्यावर सुट्ट्या लागल्या की नातेवाइकांचे फोन सुरू होतात. पोराला किल्ले दाखवायचेत, दोन दिवस आहेत, सांग कसं करायचं. आणि मी काही बोलायच्या आत स्वतःच सांगून मोकळे होतात, पहिल्या दिवशी सकाळी अजिंक्यतारा, दुपारी सज्जनगड, संध्याकाळी कास, दुसऱ्या दिवशी महाबळेश्वर करत प्रतापगड आणि परत जाताना वेळ उरला तर वैराटगड. पोरगं पाच-सहा वर्षांचं असतं. माझं उत्तर दरवेळी तेच, दिवसाला एकच गड करा, सकाळीच करा आणि पोराच्या चालीनं करा. हो हो म्हणतात आणि शेवटी करायचं तेच करतात. म्हणून आता एकदा नीट लिहूनच काढतो, पुढच्या वेळी लिंक पाठवायला बरं.

उशिरा चढायला सुरुवात

ही माझ्या मते सगळ्यात वाईट चूक आहे आणि सगळ्यात जास्त लोक हीच करतात. मुक्कामाच्या ठिकाणी आरामात उठायचं, हॉटेलात मिसळ, मग चहा, मग फोटो, आणि पायथ्याला पोचेपर्यंत अकरा. आपल्याकडचे डोंगर काळ्या कातळाचे आहेत, मार्चनंतर दहा वाजले की तो दगड तापायला लागतो आणि वाई-साताऱ्याच्या बाजूच्या बऱ्याच गडांना वरच्या अंगाला सावलीच नाही, नुसतं वाळकं गवत आणि घसारा, म्हणजे पाय सटकेल अशी सुटी मुरमाची उतरण.

माझा एक मावसभाऊ एप्रिलमध्ये असाच आला, बायको आणि पाच वर्षांचा मुलगा बरोबर. वैराटगडाला जातो म्हणाला, मी म्हटलं आता नको, उद्या पहाटे मी येतो सोबत. पण त्याला दुसऱ्या दिवशी प्रतापगड करायचा होता, त्यामुळे ऐकलं नाही. व्याजवाडीत गाडी लावली तेव्हाच साडेदहा होऊन गेले होते. पाण्याच्या दोन बाटल्या, त्यातली एक गाडीतच राहिली. दीड वाजता मला फोन, की मुलगा चालत नाहीये, रडतही नाहीये, नुसता बसून राहिलाय. मी वाईतच होतो एका कामाला, तसाच निघालो. गावातल्या एका माणसाला बरोबर घेतलं, त्यांनी घरातनं ताकाची बाटली आणि मीठ घेतलं, आणि आम्ही वर गेलो. अर्ध्या वाटेवर करवंदाच्या जाळीच्या तुकडा-तुकडा सावलीत तिघं बसलेले. पोराचे ओठ पांढरे पडलेले, कान लाल, एक बूट पायात आणि एक हातात, आणि आई सांगत होती की सकाळपासून त्याला लघवीला झालेलंच नाही. ओला टॉवेल डोक्यावर आणि मानेवर ठेवला, ताक एकदम न देता झाकणानं थोडं थोडं पाजलं, अर्ध्या तासानं पोरगं बोलायला लागलं. पण त्याच्याही आधी काय झालं होतं ते ऐका. भावानं त्याला खांद्यावर घेऊन उतरायचा प्रयत्न केला होता, घसाऱ्यावरनं पाय सटकला आणि दोघं बसकण मारून काही फूट खाली आले. कोपरं सोलवटली, एवढ्यावर निभावलं.

म्हणून माझी सवय सांगतो. उजाडताना पायथ्याला, चढाई सकाळच्या सावलीत, आणि घड्याळात साडेनऊ वाजले की जिथे असू तिथनं खाली. माथा दहा मिनिटांवर दिसत असला तरी खाली. हे लोकांना पटत नाही, "एवढं आलोय तर" म्हणतात, पण लहान मूल बरोबर असताना माथा गाठणं हा हिशोबच चुकीचा आहे. मुलाच्या पायात जेवढी ताकद आहे त्यातली निम्म्याहून जास्त उतरायला शिल्लक पाहिजे कारण पोरं पडतात ती उतरताना, दमलेले गुडघे वळतात. वाळक्या गवताखाली बारीक मुरूम असतो, त्यावर पाय ज्वारीच्या दाण्यांवर ठेवल्यासारखा निसटतो. अशा जागी मुलाला खांद्यावर अजिबात घेऊ नका, तुमचा तोल गेला तर तो तुमच्या उंचीवरनं पडणार. त्याला खाली बसवा, बुडावर घसरत येऊ दे, तुम्ही त्याच्या खालच्या बाजूला राहा. चड्डी मळेल, मळू दे.

पाण्याचं म्हणाल तर मुलाची वेगळी बाटली, त्याच्याच पाठीवर, आणि तहान लागली का असं विचारत बसू नका, दर थोड्या वेळानं दोन घोट द्याच. शेवटची लघवी कधी झाली हे आईबापाला माहीत असलं पाहिजे, गडावर तेच खरं मीटर आहे.

एका दिवसात तीन गड

यावर फार लिहीत नाही. तिसऱ्या गडावर पोरगं गाडीतनं उतरत नाही, बाप चिडतो, आई मध्ये पडते, आणि घरी गेल्यावर पोराला तिन्हीतलं एकही नाव सांगता येत नाही. एक गड, बास.

इतिहास घोटून पाजणं

ही दुसरी गोष्ट माझ्या डोक्यात जाते. अजिंक्यताऱ्यावर सकाळी फिरायला जातो तेव्हा हे हमखास दिसतं, बाप दरवाजात उभा राहून मोबाईलवरनं वाचतोय, शिलाहार, मग बहमनी, मग आदिलशाही, मग इसवी सन, आणि पोरगं पायानं खडे उडवतंय. मग बाप ओरडणार, लक्ष कुठंय तुझं, एवढ्या लांबनं आणलंय. अहो, त्याचं लक्ष खड्यांकडंच असणार, वय काय त्याचं. सात-आठ वर्षांच्या मुलाला राजघराण्यांची यादी नको असते, त्याला हात लावायला काहीतरी पाहिजे असतं, आणि आपले गड तर अशा गोष्टींनी भरलेले आहेत.

माझी पद्धत अशी की दरवाजापाशीच अर्धा तास काढायचा. प्रतापगडाला जा. वाट कशी वळत वळत येते आणि दरवाजा बुरुजांच्या आड असा दडलाय की अगदी जवळ येईपर्यंत दिसत नाही. मुलाला थांबवून विचारा, तू शत्रू आहेस, दरवाजा कुठंय ते सांग. तो शोधत बसतो. मग सापडला की पुढचा प्रश्न, हत्तीनं धडक मारायची तर हत्ती पळत येणार कुठनं? इथं तर वळण आहे, धाव घ्यायला जागाच नाही. त्याचं उत्तर त्याला स्वतःला सापडतं तेव्हा तोंडावर जे येतं ते बघण्यासारखं असतं. दारावर लोखंडी खिळे असले तर ते कुणाच्या कपाळासाठी हे मग सांगावंच लागत नाही.

आत आलं की दोन्ही बाजूला देवड्या, पहारेकऱ्यांची बसायची जागा, तिथं बसवा त्याला, दगड किती गार लागतो ते बघू दे. दाराच्या मागं भिंतीत अडसर सरकवायचं चौकोनी भोक असतं. माझ्या मुलीनं अजिंक्यताऱ्यावर पहिल्यांदा तसलं भोक बघितलं तेव्हा आधी टॉर्च मारून विंचू-साप नाही ना ते मी बघितलं, मग तिनं खांद्यापर्यंत हात आत घातला तरी शेवट लागेना. एवढं लांब लाकूड? मग ते लाकूड किती जाड असेल, किती माणसं लागत असतील, तिचे तिचेच प्रश्न सुरू झाले. पुढं तटावर जंग्या असतात, बंदुकीसाठी ठेवलेली तिरकी भोकं, त्यातनं डोळा लावून बघायला सांगा. बरोबर चढायची वाट दिसते. वरच्याला खालचा दिसतो आणि खालच्याला मात्र नुसती भिंत दिसते, हे पोराला एका मिनिटात कळतं, कुठल्याही पुस्तकाशिवाय.

यानंतर गोष्ट सांगा, आणि एकच सांगा. प्रतापगडावर अफझलखानाची, 10 नोव्हेंबर 1659. गड बांधून तेव्हा फार वर्षं झाली नव्हती, 1656 च्या सुमारास मोरोपंत पिंगळ्यांच्या देखरेखीखाली काम झालं, आणि नव्या गडाच्या पायथ्याशीच एवढी मोठी भेट. अजिंक्यताऱ्यावर असाल तर मंगळाईच्या बुरुजाकडं जा आणि तिथं 1700 सालचा वेढा सांगा. औरंगजेब स्वतः खाली तळ टाकून बसलेला, किल्लेदार प्रयागजी प्रभू वर. मोगलांनी तटाखाली सुरुंग लावले, पहिल्यानं दरड गडाच्या आत कोसळली, त्यात किल्लेदारही गाडले गेले आणि जिवंत निघाले, दुसऱ्यानं तट बाहेरच्या बाजूला, वर चढायला जमलेल्या मोगल फौजेवरच पडला. गड पुढं पडला, बादशहानं त्याचं नाव आझमतारा ठेवलं, आणि ताराराणींच्या माणसांनी परत घेतल्यावर तो अजिंक्यतारा झाला. ज्या गावात मुलगा आइस्क्रीम खाणार आहे त्याच गावावरचा डोंगर हा, हे त्याला वरनं बोट दाखवून सांगा. बाकीचे राजे मोठेपणी वाचेल तो.

2025 मध्ये युनेस्कोनं मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाच्या यादीत घेतलं, त्यात साताऱ्याचा प्रतापगड आहे. त्यामुळं तिथं आता गर्दी वाढलीय. शनिवार-रविवार टाळता आला तर टाळा, नाहीतर महाबळेश्वरच्या ट्रॅफिकमध्येच तुमची सकाळ जाईल.

चुकीचा गड निवडणं

वासोटा रीलमध्ये बघून लहान पोरांना घेऊन येणारे लोक आहेत, त्यांना कळकळीनं सांगतो, नका येऊ. बामणोलीहून लाँच, वनखात्याची परवानगी, मग दाट जंगलातली उभी चढण, आणि संध्याकाळच्या आत परत पाण्यावर यायलाच लागतं. सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाचा भाग आहे तो, मध्येच मूल दमलं तर आणायची सोय नाही. पोरगं दहा-बाराचं झालं की आणा.

पहिल्या वेळेला सज्जनगड घ्या. गाडी बरीच वर जाते, पायऱ्या बांधीव आहेत, वर समर्थांची समाधी, दुपारी प्रसाद, आजी-आजोबाही येतात. अजिंक्यताऱ्यालाही गाडी दरवाजाजवळ पोचते. पाटणकडं दातेगड आहे, कातळात खोदलेली तलवारीच्या आकाराची विहीर बघून पोरं खुळावतात, फक्त पायऱ्या ओल्या असतात, पाण्यापर्यंत नेऊ नका. सांगलीकर दरवेळी म्हणतात आमच्याकडं किल्ले नाहीत. अहो, खानापूर तालुक्यात बाणूरगड आहे, म्हणजेच भूपाळगड, वर बहिर्जी नाईकांची समाधी आहे. हेरांच्या प्रमुखाची गोष्ट कुठल्या पोराला नको असते? आणि गाडी वरच्या गावापर्यंत जाते.

मोहोळं

दरवाजाच्या कमानीत, कड्याला, जुन्या झाडांना आग्यामोहोळ असतात. त्याच्याखाली चूल पेटवणं, फटाके, आरडाओरडा, दगड मारणं, अत्तराचा मारा, यातलं काहीही नको. मोहोळ दिसलं तर मुलाला आधीच हळू आवाजात सांगून ठेवा. माशा उठल्याच तर हात झाडत उभं राहू नका, मुलाचं तोंड-डोकं ओढणीनं किंवा जर्किननं झाका आणि लांब निघा, बंद गाडी किंवा खोली मिळेपर्यंत. चावल्यावर श्वास लागला, ओठ-चेहरा सुजला किंवा उलट्या झाल्या तर घरगुती उपाय करत न बसता सरळ दवाखाना.

बाकीच्या, थोडक्यात

तटावर मुलाला बसवून फोटो काढू नका, जुन्या तटाचे दगड सुटे असतात आणि आतनं चुना निघून गेलेला असतो. टाक्यातलं पाणी प्यायला देऊ नका. पावसाळ्यात शेवाळलेल्या पायऱ्यांवर लहान मूल नकोच, धुक्यात तर दोन हातांवरचा कडा दिसत नाही.

खाणं घरचं न्या. चपातीला तूप-गूळ लावून केलेली गुंडाळी, दहीभात, काकडी. चिप्सनं तहान वाढते, आणि कंदी पेढे उतरल्यावर, वर नेऊन हात चिकट करून घेऊ नका. रिकामी पिशवी बरोबर ठेवा आणि आपला कचरा मुलाच्या हातानंच त्यात टाकायला लावा. भिंतीवर नाव कोरणारा कुणी दिसला तर पोरासमोर त्याला टोका, गप्प बसू नका.

आणि बूट. क्रॉक्स, नवीन कोरे बूट, बिनपट्ट्याची चप्पल, तिन्ही नकोत. शाळेचे रोजचे जुने कॅनव्हास बूट चालतात, तळव्याला खाचा शिल्लक आहेत का एवढं बघा. निघायच्या आदल्या रात्री पायाची नखं कापा, उतरताना अंगठा बुटाच्या टोकाला आपटत राहतो आणि नख वाढलेलं असेल तर खाली येईपर्यंत निळं पडतं, मग पुढचे चार दिवस शाळेतही लंगडत जाणार. जाड मोजे घाला, एक जोड जास्तीचा सॅकमध्ये, आणि नऊ वाजता झोपवा त्याला.