छोट्या रेंजफाइंडरला लेन्स घेताना या चुका टाळा

कॅमेरा निवडताना लोक महिनोन्‌महिने वाचतात, चार जणांना विचारतात. लेन्स मात्र एका रात्रीत मागवतात. मग पहिला रोल धुऊन आला की तक्रारी सुरू होतात, आणि त्या दरवेळी त्याच असतात. लायका सीएल, मिनोल्टा सीएलई, बेसा आर यांसारखा छोटा फिल्म रेंजफाइंडर कॅमेरा हातात असेल आणि बेताच्या पैशांत चांगली लेन्स हवी असेल, तर पैसे पाठवण्याआधी हे वाचा.

मोठ्या छिद्राचा मोह

सगळ्यांत महाग पडणारी चूक हीच. एफचा आकडा जितका लहान, तितकं लेन्सचं छिद्र मोठं. एफ/१.४ म्हणजे एफ/२ पेक्षा चांगली आणि एफ/१.१ म्हणजे त्याहून चांगली, असा समज घेऊन लोक येतात. रेंजफाइंडरमध्ये तुम्ही लेन्समधून बघत नाही. दोन खिडक्यांतून आलेल्या प्रतिमा जुळवून कॅमेरा अंतर मोजतो. त्या खिडक्यांमधलं अंतर गुणिले व्ह्यूफाइंडरचं मॅग्निफिकेशन म्हणजे तुमच्या कॅमेऱ्याचा खरा बेस; तो जितका मोठा, तितका फोकस अचूक. १९७३ साली आलेल्या सीएलमध्ये तो ३१.५ गुणिले ०.६, म्हणजे जेमतेम १९ मिलिमीटर आहे. बेसा आरचा साधारण २५, सीएलईचा २९. मोठ्या लायका एमचा, ०.७२ फाइंडर असेल तर, ५० च्या आसपास.

आता लेन्सला किती बेस लागतो ते काढा. फोकल लेंग्थचा वर्ग करा, त्याला एफच्या आकड्याने भागा आणि आलेल्या उत्तराला शंभराने भागा. ४० मिमी एफ/२ ला ८ मिमी पुरतो. ५० मिमी एफ/२ ला साडेबारा. ५० मिमी एफ/१.४ ला जवळपास १८, म्हणजे सीएल अगदी काठावर. ५० मिमी एफ/१.१ ला २३ च्या आसपास, म्हणजे सीएलच्या आवाक्याबाहेर. हा हिशोब ढोबळ आहे आणि तो निरोगी डोळा व नीट जुळवलेला रेंजफाइंडर गृहीत धरतो. पन्नास वर्षांच्या सीएलचा रेंजफाइंडर किंचितही हलला असेल, तर काठावरची लेन्स कड्यावरून खाली गेलीच.

फोंड्याच्या एका तरुणाचं नेमकं हेच झालं. सीएल त्याच्याकडे होताच. दिवाळीच्या आदल्या रात्री नरकासुरांच्या पुतळ्यांचे फोटो काढायचे म्हणून त्याने ५० मिमी एफ/१.१ मागवली आणि रात्रभर छिद्र पूर्ण उघडं ठेवून, दोन-दोन मीटरवरून, पुतळे ओढणाऱ्या मुलांचे चेहरे टिपले. रोल धुऊन आला तर चेहरे मऊ आणि मागचे नरकासुराचे कागदी दात धारदार. दोष लॅबचा धरून दुसरा रोल त्याने मुंबईला पाठवला. तिथूनही तेच आलं. मग लेन्स सदोष ठरवली. खरं तर लेन्स ठीक होती. दोन मीटरवर त्या छिद्राला फोकसची खोली, म्हणजे पुढे-मागे जेवढा पट्टा धारदार येतो तो, मिळते सुमारे दहा सेंटिमीटर, आणि सीएलचा रेंजफाइंडर तेवढं अचूक सांगू शकत नाही. शिवाय त्या जाड लेन्सने फाइंडरचा खालचा कोपरा झाकला होता, त्यामुळे चौकटीही चुकल्या. तीच लेन्स एफ/२.८ वर सीएलवर व्यवस्थित चालते. पण एफ/२.८ वरच वापरायची, तर एफ/१.१ चे पैसे कशाला मोजायचे?

गोव्यातला दिवसाचा उजेडही मोठ्या छिद्राच्या बाजूने नाही. ४०० ची फिल्म, दुपारची वेळ, शटरचा वेग १/१०००: उघड्या उन्हात एफ/११ लागतो, मिरामारच्या वाळूवर त्याहून लहान. रात्रीसाठी एफ/१.४ तुम्हाला एफ/२ पेक्षा एकच स्टॉप, म्हणजे दुप्पट उजेड, जास्त देते. तो स्टॉप ४०० ची एचपी५ फिल्म ८०० ची धरून मोजून आणि त्याप्रमाणे जास्त वेळ धुऊनही मिळतो, फारच कमी खर्चात. एक मीटरवर ५० मिमी एफ/१.४ ची खोली तीन सेंटिमीटर, ४० मिमी एफ/२ ची सात. ज्यांचा हात अजून बसलेला नाही, त्यांनी दुसरीच घ्यावी.

फ्रेमलाइन न बघता घेतलेली लेन्स

फ्रेमलाइन म्हणजे फोटोत किती येणार ते दाखवणाऱ्या फाइंडरमधल्या रेषा. सीएलमध्ये ४०, ५० आणि ९० मिमीच्या रेषा आहेत. सीएलईमध्ये २८, ४० आणि ९० च्या आहेत, ५० च्या नाहीत. बेसा आरमध्ये ३५, ५०, ७५, ९०. सीएलवर ३५ लावणारे पुष्कळ आहेत. ते पूर्ण फाइंडर म्हणजे ३५ असं अंदाजाने धरतात. चालतं, पण अंदाज तो अंदाज. एकच लेन्स घ्यायची तर ४० घ्या. पणजीतल्या मळा भागाच्या अरुंद गल्ल्यांत किंवा चवथीला माटोळीखाली (गणपतीवर टांगलेल्या फळा-फुलांच्या चौकटीखाली) बसलेली घरची मंडळी एका चौकटीत घेताना ५० मिमीला मागे सरकायला जागा उरत नाही.

३९ मिमीचा आटा म्हणजे सगळं एकच, हा समज

झेनिट एसएलआरच्या जुन्या लेन्सचा आटाही ३९ मिमीचा असतो. ती लेन्स बेसा आरच्या आट्यावर किंवा सीएल-सीएलईच्या अडॅप्टरवर बसते, फिरते, आणि तिने काहीही फोकस होत नाही, कारण तिला फिल्मपासून ४५.२ मिमी अंतर हवं असतं आणि रेंजफाइंडरच्या आट्याला ते फक्त २८.८ मिमी मिळतं. ओळख सोपी आहे: लेन्स उलटी करा. फोकस रिंग फिरवल्यावर मागची धातूची कडी आत-बाहेर सरकते का ते बघा. अशी कडीच नसेल, तर ती लेन्स रेंजफाइंडरने फोकस जुळवायच्या कामाची नाही. इंडस्टार-५० ही सोव्हिएत लेन्स दोन्ही प्रकारांत मिळते, म्हणून नुसत्या नावावर जाऊ नका.

ज्युपिटर-१२ या सोव्हिएत लेन्सची मागची काच कॅमेऱ्यात खोल आत जाते. बेसावर ती बसत नाही. सीएलमध्ये शटरसमोर प्रकाश मोजणाऱ्या मीटरचा दांडा असतो, म्हणून तिथे तर ती लावून बघायचंही धाडस करू नका. दुमडणारी जुनी लेन्स सीएलवर लावलीच, तर ती आत दुमडू नका.

काच न तपासणं

लोक पुढच्या काचेवरच्या ओरखड्यांना घाबरतात आणि आतल्या धुक्याकडे बघतच नाहीत. खरं नुकसान उलट बाजूला आहे. पुढच्या काचेवरच्या दोन-चार बारीक रेषा फोटोत दिसत नाहीत. आतला पातळ धुरकट थर मात्र सगळा कॉन्ट्रास्ट खातो, आणि गोव्याच्या समोरून येणाऱ्या उन्हात तर फोटो दुधाळ होतो.

कॅननची ५० मिमी एफ/१.८, आट्याची, ही अप्रतिम आणि तुलनेने स्वस्त लेन्स आहे. पण छिद्राच्या पात्यांलगतच्या काचेवर तिला धुरकटपणा येतो. तो लवकर पुसला तर जातो. जुना झाला की थर काचेचं कोटिंगच खातो आणि मग पुसून उपयोग नसतो. मिनोल्टाच्या २८ मिमी एफ/२.८ एम-रोकोरला पुढच्या काचेमागे पांढरे ठिपके येतात. विक्रेत्याने नुसतं ‘एक्सलंट’ लिहिलं म्हणून विश्वास ठेवू नका. छिद्र पूर्ण उघडून, मागून टॉर्च मारून, किंचित तिरका काढलेला फोटो मागा. देत नसेल तर सोडून द्या.

लेन्स घरी आली की टॉर्चची तीच तपासणी लगेच करा, परत करायची मुदत संपण्याआधी. आत पांढरी तंतूंची जाळी दिसली, तर ती बुरशी. ती बाकीच्या लेन्सजवळ ठेवू नका. काचेवर ठसे उमटले असतील, तर साफ केल्यावरही ते राहतात.

जून ते सप्टेंबर लेन्स चामड्याच्या केसमध्ये किंवा कापडी बॅगेत ठेवणं म्हणजे बुरशीला घर देणं. हवाबंद डबा, आत सिलिका जेल, सोबत एक छोटा आर्द्रता मीटर. ४० ते ५० टक्के राखा. दाणे रंग बदलले की ओव्हनमध्ये ११०-१२० अंशांवर दोनेक तास सुकवा. तांदूळ ठेवू नका, त्याची पूड उडते. डांबराच्या गोळ्या तर नकोच.

किंमत म्हणजे फक्त लेन्सची किंमत नव्हे

बाहेरून मागवाल तर कस्टम ड्यूटी आणि कुरिअरचं शुल्क आधी धरा. अडॅप्टर, हूड, फिल्टर यांचाही हिशोब घाला. सीएलबरोबरच्या समिक्रॉन-सी ४० मिमीला सिरीज ५.५ चा फिल्टर लागतो, तो रबरी हूडच्या आत बसतो. साधा ३९ चा जबरदस्तीने फिरवला तर आटे जातात. सीएलईबरोबरच्या एम-रोकोर ४० ला सर्रास मिळणारा ४०.५ चा चालतो. दोन्हींत माझं मत एम-रोकोरला.

रोल वाया घालवून केलेली चाचणी

फिल्म न भरता मागचं झाकण उघडा. सीएलचं तर पूर्ण निघतं. फिल्म ज्या आतल्या रुळांवर टेकते, त्यांवर मॅट चिकटपट्टी ताठ लावा, चिकट बाजू शटरच्या पडद्याला कुठेही लागू न देता. कॅमेरा ट्रायपॉडवर, शटर बी वर (बटण दाबलेलं असेपर्यंत उघडं), ते दाबून ठेवायला लॉक होणारी केबल. एक मीटरवर तिरकं वर्तमानपत्र, छिद्र पूर्ण उघडं. रेंजफाइंडरने एक ओळ जुळवा आणि पट्टीवर भिंगातून तीच ओळ धारदार आहे का ते बघा. मग पणजीच्या किनाऱ्यावरून पलीकडच्या रेइश मागूशच्या किल्ल्यावर तेच करा. दूरचं चुकत असेल आणि दुसऱ्या लेन्सनेही तसंच चुकत असेल, तर रेंजफाइंडर जुळवून घ्या. एकाच लेन्सवर चुकत असेल, तर लेन्स परत करा. ज्युपिटर-८ जवळच्या अंतरावर चुकते असं दिसलं, तर काच आणि फोकसच्या नळीमधल्या पातळ कड्यांची जाडी बदलून ती बरीच सुधारते. मात्र हे काम जुन्या लेन्स उघडायची सवय असलेल्या माणसाकडेच द्या, व्हिडिओ बघून घरी नको.